माहूरच्या मुलखाचे माहितगार

१६६१ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभी कार्तलबखानाची मोगली फौज लोहगडाच्या बगलेने सह्याद्री उतरू लागली, तेव्हा त्या फौजेत माहूरची एक बाई घोड्यावर होती. सावित्रीबाई तिचे नाव. इतिहासात ती रायबागन म्हणून राहिली. शाइस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता आणि त्याला उत्तर कोकण हवे होते. नेहमीचा बोरघाट सोडून आडवाटेने उतरावे, म्हणजे शिवाजी महाराजांना पत्ता लागायच्या आत कल्याण-पनवेलचा प्रांत हाताशी येईल, हा खानाचा हिशेब. कार्तलबखान उझबेक होता. मैदानी लढाईत मुरलेला असेल, पण उंबरखिंडीसारखी वाट त्याने जन्मात पाहिली नसावी. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये दाट रान, घोडा वळवायला जागा नाही आणि प्यायला पाणी नाही. फौज पुरती आत शिरल्यावर पुढून आणि मागून वाट बंद झाली.

कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात या प्रसंगी रायबागन खानाला खडे बोल सुनावते. सिंहाच्या रानात आंधळेपणाने शिरलास, आता निदान उरलेली माणसे वाचव आणि शरण जा, असा त्या बोलण्याचा आशय. परमानंद त्या खिंडीत टिपणे घेत बसले नव्हते, त्यामुळे शब्द कवीचे समजावेत. परिणाम मात्र सर्वमान्य आहे. खानाने वकील पाठवला, खंडणी व सामानसुमान मागे ठेवले आणि महाराजांनी फौजेला जिवंत जाऊ दिले.

मला या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. सह्याद्रीचा मुलूख कसा असतो हे कळणारे माणूस खानाच्या फौजेत पहिल्या दिवसापासून होते. त्याचा सल्ला कामी आला तो सगळे संपल्यावर.

मोगलांच्या फौजेत माहूरची देशमुखीण काय करत होती, हे समजून घ्यायला दोन पिढ्या मागे जावे लागते. वऱ्हाड १५९६ मध्ये मोगलांकडे आले. माहूर हे त्या सुभ्यातले एक सरकार. नकाशावर ते मोगलांचे झाले खरे, पण पैनगंगेने तीन बाजूंनी वेढलेला तो डोंगर, आसपासचे सागाचे रान, गोंड आणि कोळ्यांच्या वस्त्या, तेलंगणात उतरणाऱ्या वाटा, हे सगळे ज्याला ठाऊक त्याचेच तिथे चालणार होते. असा माणूस उदाराम. जातीने ब्राह्मण, पेशाने लढवय्या, आधी मलिक अंबरच्या बाजूचा. जहांगीरच्या काळात अंबरचे जे दख्खनी सरदार फुटून मोगलांना मिळाले त्यांत तोही होता. मोगलांनी त्याला मनसब दिली आणि माहूर त्याच्याकडे राहिले.

त्या मनसबीच्या बदल्यात मोगलांना काय मिळत होते ते १६२३ मध्ये दिसले. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध उठला आणि हरला. पाठीवर बादशाही फौज, पुढे भर पावसातली तापी. तो बऱ्हाणपूर सोडून माहूरला आला, हत्ती आणि अवजड सामान किल्ल्यात उदारामच्या हवाली केले आणि हलका होऊन गोवळकोंड्याच्या मुलखातून पूर्व किनाऱ्याकडे निसटला. हिंदुस्थानच्या भावी बादशहाला दख्खनमधून बाहेर पडायची वाट माहूरहून मिळाली.

उदारामनंतर त्याचा मुलगा जगजीवनराव आणि त्याच्यामागे जगजीवनरावाची बायको सावित्रीबाई, असा हा कारभार चालला. वऱ्हाडातले एक बंड तिने मोडले आणि औरंगजेबाने तिला रायबागन हा किताब दिला, असे सांगतात. मोगलांची रीत साधी होती. परक्या मुलखात आपला माणूस तयार करण्याच्या फंदात ते पडत नसत. तिथला जाणता माणूस शोधायचा, त्याला मनसब द्यायची, त्याचे वतन त्याच्याच घरात ठेवायचे आणि त्याला फौजेबरोबर न्यायचे. या रीतीत एक खोट होती. जाणत्याचा दर्जा कितीही मोठा केला तरी फौजेचा हुकूम बाहेरून आलेल्या खानाच्या हाती राही, आणि खानाने ऐकलेच पाहिजे असे कुठे लिहिलेले नव्हते.

दीडशे वर्षांनी या मुलखात दुसरी परकी फौज आली. तिने मात्र उलटी वाट धरली. स्थानिकाला सरदार करण्याऐवजी आपल्याच पोरांना मुलूख शिकवायचा, असे ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले.

सुरुवात फारशी शोभेची नव्हती. बंगालमध्ये नव्याने आलेल्या लष्करी उमेदवारांना हिंदुस्थानी शिकवण्यासाठी कलकत्त्याजवळ बारासात येथे १८०२ मध्ये एक शाळा काढली. सोळा-सतरा वर्षांची पोरे, घरापासून हजारो मैल दूर, हातात पहिला पगार. भाषेपेक्षा दंगामस्तीच इतकी माजली की १८११ मध्ये शाळा बंद करावी लागली. मधल्या काळात, १८०९ मध्ये, कंपनीने इंग्लंडातच ॲडिसकोम येथे लष्करी विद्यालय उघडले. तिथे तोफखाना आणि इंजिनिअरीच्या पोरांना जॉन शेक्सपिअर नावाचे प्राध्यापक हिंदुस्थानी शिकवीत. नाव मोठे, पण नाटककाराचे कुणी नव्हेत. मुलकी नोकरांसाठी कलकत्त्यात १८०० मध्येच फोर्ट विल्यम कॉलेज निघाले होते. तिथे मराठी शिकवायला विल्यम केरी आणि त्यांच्या जोडीला वैजनाथ पंडित. केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, कोश १८१० चा.

खरे शिक्षण मात्र पलटणीत होई, आणि त्याचे कारण पैसा. नव्या लेफ्टनंटचा पगार तुटपुंजा, मेसचे बिल मोठे, सावकार दाराशी. पलटणीचा दुभाषी नेमला गेला की पगारावर भत्ता चढत असे. त्यासाठी परीक्षकांच्या समितीपुढे बसावे लागे: अर्ज वाचून दाखवायचे, शिपायाशी बोलायचे, भाषांतर करायचे. म्हणून सकाळची कवायत आटोपली की अनेक तरुण साहेब मुनशीसमोर पोथी उघडून बसत. या व्यवस्थेत विद्येची ओढ किती आणि कर्जाची भीती किती, हे ज्याचे त्याला ठाऊक. पण असल्या हिशेबी व्यवस्थेतूनच काही विलक्षण माणसे निघाली, हे कबूल करावे लागते.

जेम्स मोल्सवर्थ १८१२ मध्ये मुंबईच्या फौजेत आला, वय सतराच्या आसपास. मराठीची परीक्षा दिली, संस्कृतची दिली. सोलापूरला असताना शब्द जमवू लागला आणि ते काम इतके वाढले की सरकारनेच ते अंगावर घेतले. टॉमस आणि जॉर्ज कँडी हे बंधू, आणि शास्त्रीमंडळी, अशा सगळ्यांच्या हातांनी १८३१ मध्ये सुमारे चाळीस हजार शब्दांचा कोश बाहेर पडला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांवर गेले. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. फौजेने त्याला शिपायांशी बोलता यावे म्हणून मराठी शिकवली. कोशाच्या नादात तो शिपाईगिरी विसरला, आणि हा कोश आजही मराठी अभ्यासकाच्या हाताशी असतो.

जेम्स ग्रँट, पुढचा ग्रँट डफ, हाही असाच पलटणीचा ॲडज्युटंट आणि दुभाषी. १८१८ मध्ये वयाच्या तिशीआधीच तो साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी नेमला गेला. तिथली कागदपत्रे चाळून त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला, आणि त्याचे मराठी भाषांतर करणारा डेव्हिड केपन हाही लष्करी कॅप्टनच. पुढे १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्याच्या तरुणाने त्या ग्रंथाची झडती घेतली. साहेबाला कागद मिळाले, पण ते लिहिणारी माणसे त्याला पुरती कळली नाहीत, असा त्या टीकेचा रोख होता.

हे झाले पुण्या-साताऱ्याकडचे. माहूरच्या बाजूला परिस्थिती आणखी गुंतागुंतीची होती, कारण तिथे राज्य निजामाचे, फौज निजामाच्या पैशाची आणि अधिकारी इंग्रज. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ मध्ये जी पलटण उभारली तिच्यातून पुढे निजामाची ही कवायती फौज वाढत गेली. इतिहासात ती हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली जाते. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, हिंगोली, बोलारम, अशा तिच्या छावण्या. पगार चढे, बढती लवकर. त्यामुळे कंपनीचे अधिकारी या फौजेत यायला धडपडत आणि बिल भरायला बिचारा निजाम आहेच, अशी थट्टा त्यांच्यात चाले. निजामाचा खजिना रिता होत गेला तो काही अंशी याच थट्टेपायी.

माहूरला जवळची छावणी हिंगोलीची. ती का हवी होती ते १८१९ च्या जानेवारीत कळले. हदगावच्या बाजूला नोवसाजी नाईक या हटकर सरदाराने नाव्ह्याच्या गढीत ठाण मांडले होते, आत सुमारे पाचशे अरब शिबंदी. मेजर पिटमनने गढीला वेढा घातला. जवळजवळ सारा जानेवारी तो चालला आणि ३१ तारखेला गढी हल्ला करून घेतली गेली. आतले बहुतेक अरब मारले गेले. हे अरब आले हद्रमौतहून आणि इंग्रज आले विलायतेहून. दोघे परके नांदेडच्या काळ्या मातीत एकमेकांवर तुटून पडले. गढीभोवतालच्या गावकऱ्यांची भाषा त्यांपैकी कितीजणांना येत होती?

हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागे ती हिंदुस्थानीची, कारण शिपाई ती बोलत आणि सरकारी कारभार फारसीत चाले. माहूर, किनवट, हदगाव या पट्ट्यात पाटील-कुळकर्णी मराठीत बोलत आणि मोडीत लिहीत. डोंगरात गोंडी, पूर्वेला तेलुगू, तांड्यांवर बंजारा. परीक्षा पास झालेला साहेब जमादाराशी अस्खलित बोले, हैदराबादच्या उमरावाशी शिष्टाचाराने बोले, पण चावडीवर काय शिजते आहे हे त्याला जमादाराच्या तोंडून कळे. रायबागनच्या वेळी जाणते माणूस निदान खानाच्या शेजारी घोड्यावर होते. आता ते छावणीच्या बाहेर, चपराशाच्या रांगेत उभे होते.

फिलिप मेडोज टेलरची गोष्ट इथेच सांगायला हवी. जन्म १८०८, लिव्हरपूल. पंधराव्या वर्षी मुंबईत एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला आला, पण तो व्यापारीच बुडीत निघाला. ओळखीने १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि पोरगा औरंगाबादला रुजू झाला. ॲडिसकोम नाही, फोर्ट विल्यम नाही. मुनशीपाशी बसून हिंदुस्थानी शिकला, परीक्षा दिली, दुभाषी झाला. पुढे त्याला निजामाच्या नैर्ऋत्य जिल्ह्यांत पोलिसाचे काम मिळाले. नळदुर्ग-तुळजापूरच्या बाजूला फिरताना वाटेवर मिळालेल्या प्रेतांच्या खबरा त्याच्या कानावर येऊ लागल्या. तो माग काढणार तोच पलटणीत परत येण्याचा हुकूम आला. थोडा वेळ मिळता तर ठगीचा, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांचा, उलगडा आपल्या हातून झाला असता, ही खंत त्याने आत्मचरित्रात मोकळेपणी लिहिली आहे. पुढे त्या उलगड्याबद्दल कंपनीचा अधिकारी स्लीमन याचे नाव झाले.

पण त्याने सांगितलेली खरी चटका लावणारी हकीकत हिंगोलीची आहे. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. साहेब लोक त्याच्याकडून माल घेत आणि टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. एकदा मुंबईहून कापड आणायचे म्हणून या हरिसिंगने जिल्ह्याचे काम पाहणाऱ्या कॅप्टन रेनल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. कापड खरोखर वाटेत होते, पण दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे. हरिसिंगने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैलहाक्यांना वाटेत मारले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीला आणला आणि छावणीतच उघड विकला. तो पकडला गेल्यावर त्यानेच हे गंमत म्हणून सांगितले, नाहीतर कधी कळलेही नसते. त्याच्या टोळीने बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या, खड्डे उकरले गेले, तेव्हा टेलर तिथे उभा होता.

ठगीच्या या सगळ्या कहाणीवर आजचे इतिहासकार शंका घेतात. फाशी चुकवण्यासाठी कबुली देणारा माणूस साहेबाला हवे तेच सांगणार, आणि वाटमारीच्या साध्या टोळ्यांना देशभर पसरलेला धर्मपंथ ठरवण्यात कंपनीचा स्वार्थही होता. ती शंका रास्त आहे. पण हिंगोलीच्या खड्ड्यांतली प्रेते कुणाच्या कल्पनेतली नव्हती. दुभाषाची परीक्षा दिलेल्या साहेबांनी भरलेली ती छावणी होती, आणि आपल्याला माल विकणारा माणूस कोण, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हते. बाजारातल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांना माहीत होते का? निदान कुजबुज तरी असणार. ती ज्या भाषेत होत होती ती परीक्षेत नव्हती, आणि ती ऐकायला कुणी बसतही नव्हते.

टेलरने या अनुभवावर १८३९ मध्ये ठगाचा कबुलीजबाब सांगणारी कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत गाजली. मला त्याचे पुढचे आयुष्य अधिक मोलाचे वाटते. हिंगोलीनंतरचा टेलर मुनशीच्या पोथीवर विसंबून राहिलेला दिसत नाही. हैदराबादचे सावकार विल्यम पामर, ज्यांची आई हिंदुस्थानी होती, त्यांची मुलगी त्याने केली. १८४१ पासून बारा वर्षे तो शोरापूरच्या बेरड संस्थानाचा कारभार पाहत होता. कंपनीच्या पक्क्या नोकरीतला नसल्याने त्याला वरच्या जागा मिळत नव्हत्या. त्यामुळे तो एका जागी टिकून राहिला, आणि टिकून राहिल्याने त्याला माणसे कळली. शिकलेल्या अधिकाऱ्याची दोन वर्षांनी बदली करायची आणि नव्याला पुन्हा परीक्षेला बसवायचे, ही कंपनीची रीत त्याच्या नशिबी अपवादाने चुकली.

सगळ्यांच्या बाबतीत असे झाले नाही. १८५५ मध्ये बोलारमला ब्रिगेडियर कॉलिन मॅकेन्झीने मोहरमच्या मिरवणुकीवर बंधन घातले. अफगाण युद्धात कैदेत राहिलेला हा माणूस, पण त्या बंधनावरून रिसाल्यातले स्वार त्याच्याच बंगल्यावर चालून गेले आणि तो तलवारीच्या घावांनी जबर जखमी झाला. त्याआधी १८२७ मध्ये नाव्ह्याच्या वेढ्यातला घोडदळाचा नायक इव्हान डेव्हीज मोमिनाबादेत आपल्याच स्वारांच्या हातून मारला गेला होता.

१८५३ मध्ये या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या हवाली करावे लागले. पैनगंगा आता सरहद्द झाली. अलीकडे माहूर निजामाचे, पलीकडे उमरखेड-पुसद इंग्रजांचे. माहूरच्या रेणुकेच्या यात्रेला येणारा वऱ्हाडी आता परमुलखात येऊ लागला. टेलर नळदुर्गला नेमला गेला. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थान पेटल्यावर त्याला तातडीने बुलढाण्याला पाठवले गेले. बरोबर सैन्य देता येत नाही, कसेही करून तग धर, असे त्याला हैदराबादहून कळवण्यात आले होते.

वऱ्हाड शांत राहिले. त्याचे सारे श्रेय एका माणसाला देणे चूक होईल, कारण निजामाचे धोरण आणि त्याचा दिवाण सालारजंग यांचाही त्यात मोठा वाटा होता. पण मद्रासकडून जनरल व्हिटलॉकची फौज उत्तरेकडे निघाली आणि तिच्या गाड्या-तोफा ओढायला बैल कमी पडू लागले, तेव्हा ते मिळवायचे काम टेलरकडे आले. त्या वर्षी गोऱ्या सरकारला बैल देणे म्हणजे बैल आणि हाकणारा दोन्ही गमावण्याची तयारी ठेवणे. टेलरने गावच्या पाटलांना बोलावले, त्यांच्याशी स्वतः बोलला, भाडे ठरवले, हाकणाऱ्यांना आगाऊ पैसे दिले. बैल मिळाले.